पुढची पाळी

सायखेड्यात, आमच्या मागच्या खोलीत,
कूलरच्या ओल्या वाळ्यासमोर बसून
मी एक यंत्र लिहिते आहे, जे कुठेच नाही.
त्याला वायर नाही, वास नाही, ते तापत नाही.
(बाहेर शेचाळीस. निंबावरचा कावळा चोच उघडी टाकून बसलाय.)
बंगलोरचे लोक म्हणतात, सोमवारपर्यंत
त्यातलं घड्याळ चालायला हवं.

त्या यंत्रात वेळ वाहत नाही, हे मला उशिरा कळलं.
तिथे फक्त रांग असते.
रांगेत घटना उभ्या,
प्रत्येकीच्या मुठीत तिच्या वेळेची चिठ्ठी.
पहिलीचं नाव पुकारलं की काळ
उडी मारून थेट तिच्या पायाशी येतो.
मधली दुपार नसते. मधलं काहीच नसतं.

माझं घड्याळ वाजलं.
एकदा.
मग गप्प, आणि त्याच्या भरवशावरचे सगळे,
सिरियल पोर्ट, डिस्प्ले, पंख्याचे फेरे मोजणारा सेन्सर,
लग्नघरात नवरदेव न आल्यासारखे ताटकळत.
दोन रात्री चूक शोधली. सगळं तर बरोबर होतं.

बुधवारी पहाटे बिसनकाका कुमरे आले,
ग्रामपंचायतीचे नळवाले,
खांद्यावर ती कमरेएवढी लोखंडी चावी.
फाटकापुढचा व्हॉल्व्ह त्यांनी पाच आटे फिरवला,
पाइपात हवा खोकली,
आणि पाणी गुंडात पडायच्या आत
काकांनी भिंतीवर खडूने लिहिलं: शुक्र. साडेपाच.

"आत्ताच कशाला, काका?"
"आत्ताच लिवा लागते, पोरी.
पानी आलं का मानूस खुशीत भुलते.
उघडलं का पयले पुढचं लिवाचं, मंग बिडी.
नाही लिवलं त ह्या गल्लीत
आजचं पानी शेवटचंच समज."

मी गुंड तसाच टाकून आत पळाले.
वाजल्यावर काय काय करायचं, सगळं लिहिलं होतं मी:
निशाण वर कर, मोजणीत एक मिळव, प्रोसेसरला हाक मार.
पुन्हा कधी वाजायचं, तेवढं नव्हतं.
एका ओळीचं काम.
गुंड वाहून गेला, आई बोलली, बोलू दिलं.

शुक्रवारी लाइन नव्हती, टाकी भरली नाही,
काका आठला आले, घामेजलेले.
भिंतीवर लिहिलं: रवि. साडेपाच.
"आज अडीच तास उशीर झाला, मग परवा आठ ना?"
"उशीर माहा हाय, येळ नळाची हाय.
आजचा उशीर परवात मिसळला
त दिवाळीले पानी अर्ध्या राती येईन."

माझं घड्याळ तेच करत होतं.
दर ठोक्याला केसभर मागे,
कारण मी मोजत होते 'आत्ता'पासून,
ठरलेल्या वेळेपासून नाही.

अंग मात्र 'आत्ता'पासूनच मोजतं.
चार दिवस पुढे गेली पाळी की पुढचीही चार दिवस पुढे.
आई कालनिर्णयवर गोल करते, खोडते, पुन्हा करते.
तर यंत्रं दोन्ही तऱ्हेची असतात.
कोणतं कोणत्या तऱ्हेचं, ते आधी विचारून घ्यावं,
असं मी वहीत लिहिलंय, आणि खाली दोन रेघा.

रविवारी अजून एक दिसलं.
गल्लीच्या टोकाला देवकाबाई मडावींचं घर.
त्या फाल्गुनात लेकीकडे वणीला गेल्या,
भांडी, कोंबड्या, मोहाचं पोतं सगळं घेऊन.
तोटी राहिली, उघडीच.
साडेपाचला तिथे पाणी आलं.
कुणीच नाही त्या अंगणात.
रांगेतून नाव काढायचं राहून गेलेलं.

माझ्या यंत्रात ही चूक मोठी धरतात:
उपकरण काढलं, त्याची घटना नाही काढली,
की ती वेळेवर येऊन रिकाम्या जागेचं दार वाजवते
आणि सगळं कोसळतं.
मी रात्रीच रद्द करायची ओळ घातली.
सोमवारी दुपारी बंगलोरला पाठवून दिलं.

काकांना काही सांगितलं नाही.
देवकाबाईंच्या अंगणात कोणाची तरी बकरी
पुढचे पाय टेकून पीत होती,
भिंतीवर खडू ओला: मंगळ. साडेपाच.